बाहेरून कडी नसलेला दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे आणि गोठ्याचाही नव्हे. ओक्लाहोमातल्या एका शेतघराच्या मागे मातीचा एक उंचवटा आहे. त्याच्या एका अंगाला मी तिरपा पडलेला असतो. मुले माझ्यावरून घसरगुंडी खेळतात, थंडीच्या दिवसांत मांजरे माझ्यावर ऊन खात बसतात. मला उचलले की खाली पायऱ्या दिसतात आणि पायऱ्या संपल्या की सिमेंटची एक लहानशी खोली लागते. आभाळातून टॉर्नेडोची सोंड उतरू लागली की माणसे त्या खोलीत शिरतात आणि मला डोक्यावर ओढून घेतात.

मित्रांनो, दरवाजाची कामे दोनच, उघडणे आणि बंद होणे. त्यात सांगण्यासारखे ते काय, असे तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत असे. पण आता अंगावर गंज चढला आहे, बोलावेसे वाटते आहे, तर बोलून घेतो.

जन्माने मी दरवाजा नाही. मी तेलाच्या एका मोठ्या टाकीची भिंत होतो. विहिरीतले तेल आटले तसे तेलवाले निघून गेले आणि टाकी कुरणात गंजत उभी राहिली. गायी तिला पाठ घासत. एके दिवशी डेल्बर्ट नावाचा तरुण शेतकरी गॅसची नळी घेऊन आला आणि त्याने मला टाकीतून कापून काढले. डेल्बर्टचे नुकतेच लग्न झाले होते. त्याच वसंतात वादळाने त्याचे कोंबड्यांचे खुराडे उचलून नेले होते. त्या वेळी तो आणि त्याची बायको ओलिटा न्हाणीघरातल्या टबात, डोक्यावर गादी घेऊन पडून राहिले होते. वादळ गेल्यावर ओलिटा गादीखालून बाहेर आली आणि केस नीट करत म्हणाली, "पुन्हा काही मी टबात मेंढीसारखी पडून राहायची नाही. तळघर खण, नाहीतर मी चालले आईकडे."

डेल्बर्टने तळघर खणले. मला तीन जाडजूड बिजागऱ्या जोडल्या. मी फार जड, म्हणून त्याने एका चाकावरून दोरी घेतली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रॅक्टरची वजने टांगली. त्यामुळे झाले असे, की लहान पोरीनेही एका हाताने उचलावे इतका मी हलका झालो. मग आतून चांगली भक्कम कडी बसवली. शेवटी तो बाहेरच्या बाजूलाही कडी जोडायला बसला, तेव्हा ओलिटा पिठाचे हात घेऊनच बाहेर आली.

"ती कशाला?"

"कुलूप लावायला. तुझ्या मुरांब्याच्या बरण्या खाली राहणार. कोणी नेल्या तर?"

"नेल्या तर खाईल, आणि मला दुवा देईल. बाहेरून काही नको, डेल्बर्ट. आभाळ फाटलं की चावी शोधत फिरायचं का? आणि झेला आली तर?"

झेला रस्त्यापलीकडे राहत असे. चाकांवर आणून ठेवलेल्या पत्र्याच्या घरात. आमच्या भागात अशी घरे पुष्कळ. राहायला बरी असतात, पण वादळाच्या एका फुंकरीलाही ती पुरत नाहीत. झेलाचा नवरा लवकर वारला होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी, पोरांना वाढी आणि वाढताना बोलून घेई. तिचा एक गुडघा कायमचा धरलेला, जीभ मात्र कधी धरलेली नसे. डेल्बर्टने ती कडी बाजूला ठेवली आणि माझी बाहेरची बाजू तशीच कोरी राहिली.

मित्रांनो, माझे चांगले दिवस ओलिटाच्या हातचे. दरवर्षी ओढ्याकाठची झाडे गुलाबी फुलांनी भरली की ती माझ्याकडे यायची. चुलीजवळच्या डब्यात ती बेकन तळून उरलेली डुकराची चरबी साठवून ठेवायची. ती बोटावर घेऊन माझ्या बिजागऱ्यांत आतपर्यंत घालायची. दोन दिवस शेतावरची कुत्री मला चाटत बसत, पण वर्षभर माझा आवाज म्हणून निघत नसे. दोरी ती हाताने चाचपून बघायची आणि जरा कुठे विरली वाटली की डेल्बर्टच्या मागे लागायची. मग खाली उतरून ती कोळिष्टके झाडायची, उंदरांच्या मागे आलेला एखादा साप केरसुणीने बाहेर काढायची आणि त्यालाही चार शब्द सुनवायची.

तळघरातल्या एकेका वस्तूमागे तिचा विचार होता. पाण्याचे डबे दर महिन्याला रिकामे करून भरलेले. हाताने फिरवायचा रेडिओ. खिळ्याला शिटी, कारण गाडले गेलो तर ओरडून घसा किती वेळ पुरणार? दुसऱ्या खिळ्याला कुऱ्हाड. पायरीखाली मोटारीचा जॅक, माझ्यावर झाड पडले तर आतून मला उचलायला. आणि बाकाखाली ओळीने जुने बूट, येणाऱ्या प्रत्येकाचा एक जोड. तिची मुलगी रोंडा लहान होती तेव्हा तिने विचारले होते, "आई, खाली बसायला बूट कशाला?"

"बसायला नाही गं, वर यायला. वादळ गेलं की वर काय असतं? खिळे आणि काचा. अनवाणी किती लांब जाशील?"

त्या ओळीत झेलाचेही बूट होते. शाळेच्या स्वयंपाकघरात घालायचे, पांढरे, जाड तळव्याचे.

गावातला वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की झेला येणारच. तिने कधी विचारले नाही आणि कोणी तिला कधी बोलावले नाही. काठी टेकत ती रस्ता ओलांडायची. एका हातात अक्रोडासारख्या पेकनच्या दाण्यांचा डबा, खांद्याला पिशवी आणि पिशवीत डॉमिनोच्या सोंगट्या. खाली बसले की लगेच डाव मांडायचा. वर गारा माझ्यावर ताशासारख्या वाजायच्या आणि खाली ही मंडळी एकमेकांवर लबाडीचे आरोप करत बसायची.

डेल्बर्ट मात्र लगेच खाली यायचा नाही. आमच्याकडच्या पुरुषांची ही खोडच आहे. भोंगा वाजला की बायकापोरे खाली जातात आणि हे बाप्ये हात खिशात घालून आभाळाकडे बघत उभे राहतात. डेल्बर्ट सगळ्यात वरच्या पायरीवर, माझी कड धरून उभा राहायचा.

"खाली ये, डेल्बर्ट."

"एक नजर टाकतो."

"ढग काय पळून चाललाय का? नाहीतर असं कर, लग्नच लाव त्याच्याशी."

"अगं राहू दे त्याला वर," झेला सोंगट्या पालथ्या घालत म्हणायची. "वादळालाही काहीतरी हलकं लागतंच की उडवायला. डोकं तर त्याचं रिकामंच आहे."

डेल्बर्ट हसायचा आणि आणखी एक नजर टाकायचा. दर वेळी तो वेळेत खाली आला. त्यामुळेच ती खोड त्याला कायमची जडली.

एकदा सोंड खरोखरच आमच्यावरून गेली. त्या वेळी मला जे वाटले ते सांगणे कठीण आहे. सारे आभाळ मला उपटू बघत होते. आतून डेल्बर्ट, ओलिटा आणि झेला, तिघेही माझ्या आतल्या कडीला लोंबकळले होते आणि छोटी रोंडा बाकाखाली बुटांमध्ये तोंड खुपसून पडली होती. मी कुरकुरलो, पण सुटलो नाही. ते वर आले तेव्हा गोठा नव्हता, झेलाचे पत्र्याचे घर तीन शेतांवर विखुरले होते. पण पायांत बूट होते आणि सगळे धडधाकट होते. झेलाने घराच्या जागेकडे पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं, झाडायचा कंटाळाच आला होता." मग ती माझ्यावर बसली आणि खूप वेळ रडली. पुढे सरकारी मदतीतून तिने त्याच जागी तसलेच घर आणून ठेवले, तिला परवडणारे तेवढे तेच होते. गावच्या वर्तमानपत्राने माझा फोटो छापला. आजूबाजूचे शेतकरी माझ्या बिजागऱ्या मोजून जायचे. मित्रांनो, मी फुगून गेलो होतो, खोटे कशाला सांगू?

वर्षे गेली. रोंडा लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. ओलिटा आजारी पडली. शेवटच्या वसंतात तिला चालवत नव्हते, तर तिने ओसरीवर खुर्ची टाकून घेतली आणि तिथून डेल्बर्टला सांगत राहिली.

"आतल्या बाजूला घाल चरबी. वरवर फासू नकोस, केक नाहीये तो."

"घालतोय."

"दोरी बघ."

"बघितली."

"हाताने बघ."

डेल्बर्टने हाताने बघितली. मग ती म्हणाली, "मी नसले तरी झेलाला हे दार उघडं मिळालं पाहिजे. तिला दुसरं कोणी नाही."

"मिळेल," डेल्बर्ट म्हणाला. त्याची पाठ तिच्याकडे होती, त्यामुळे त्याचा चेहरा फक्त मी पाहिला.

गहू पेरायच्या दिवसांत ओलिटा गेली.

त्यानंतर डेल्बर्ट माझ्याकडे फिरकेनासा झाला. खाली फळीवर तिच्या हातच्या पीचच्या मुरांब्याच्या बरण्या होत्या. त्या त्याच्याने खाववत नव्हत्या आणि टाकवतही नव्हत्या. पुढच्या वसंतात झाडे गुलाबी झाली, पण माझ्याकडे कोणी आले नाही. मी पहिल्यांदा कुरकुरलो तेव्हा माझा मीच दचकलो.

रोंडा, वेड नावाचा तिचा नवरा आणि त्यांची छोटी मुलगी टेसी डेल्बर्टजवळ राहायला आली. माणसे चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. वेड पवनचक्क्यांवर चढून त्यांची दुरुस्ती करी, घरी आला की दमलेला असे. घरात दोन संसारांचे सामान मावेना, तेव्हा ते खाली येऊ लागले. नाताळच्या झाडाचे खोके, व्यायामाची सायकल, गवत कापायचे यंत्र. पायरीखालचा जॅक वेडच्या गाडीचे चाक बदलायला गेला आणि गाडीतच राहिला. एका रविवारी रोंडाने बाकाखालून बूट ओढून काढले. "कुणाची ही खेटरं? उंदरांनी घर केलंय आत," असे म्हणत तिने ती पोत्यात भरून टाकून दिली. तिला लहानपणचे ते उत्तर आठवले नसावे.

शिवाय आता घाई कोणालाच वाटत नव्हती. टीव्हीवरचा हवामानवाला सोंड कुठल्या रस्त्यावर आहे हेसुद्धा सांगू लागला होता. सगळे कोचावर बसून बघत आणि "अजून पुलापलीकडे आहे" म्हणत. झेला मात्र टीव्हीची वाट बघत नसे. भोंगा वाजला की ती काठी घेऊन निघे. आता तर काठीच्या जागी चार पायांचा आधार आला होता. ती स्वतः मला उचले, सायकलीशेजारच्या उरल्यासुरल्या जागेत बसे आणि एकटीच सोंगट्या मांडे. बहुतेक वेळा वादळ दुसरीकडून निघून जाई आणि घरातले कोणी खाली उतरतही नसे.

माझी दोरी आतून कुजत होती. वरून ती चांगली दिसे. हाताने बघणारे कोणी उरले नव्हते.

मांजरीने खाली पिले घातली होती. टेसी ती बघायला मला उचलून पायरीवर बसली आणि दोरी तुटली. ट्रॅक्टरची वजने एकीकडे पडली आणि मी माझ्या सगळ्या जडपणासकट खाली आलो. टेसीने हात मागे घेतला होता म्हणून बोटे वाचली. तिच्या सपातेची टाच माझ्याखाली चिरडली गेली. वेड धावत आला. त्याने पोरीला छातीशी धरले आणि तिची बोटे पुन्हा पुन्हा चाचपली. त्याच संध्याकाळी त्याने मला भोके पाडली, पवनचक्कीचे बोल्ट लावून बाहेरून कडी बसवली आणि कुलूप घातले.

डेल्बर्ट ओसरीवरून बघत होता. "बाहेरून कडी नव्हती कधी," तो म्हणाला. "ओलिटाला चालायचं नाही."

"डॅडी, पोरीचे हात गेले असते आज," वेड म्हणाला. "दोरी बदलली की काढतो कुलूप. या रविवारी नाहीतर पुढच्या. चावी स्वयंपाकघरात खिळ्याला असेल, सगळ्यांना दिसेल अशी."

"आणि झेला?"

"तिला सांगून ठेवा ना," रोंडा म्हणाली. "म्हणावं, भोंगा झाला की आधी घरात या, आपण मिळून जाऊ. एवढंच तर सांगायचंय."

"सांगतो," डेल्बर्ट म्हणाला.

आणि तो गेला. रस्ता ओलांडून तिच्या सिमेंटच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला. इथून मला सगळे दिसते. झेला बाहेर आली, काही बोलली, हसली आणि आत जाऊन मक्याच्या पावाची थाळी घेऊन आली. डेल्बर्ट थाळी घेऊन परत आला. घरात न जाता तो माझ्यावर येऊन बसला. "नाही जमलं, ओलिटा," तो हळूच म्हणाला. "ती तुझ्याबद्दलच बोलत बसली. तिला कसं सांगू, की तू दिलेलं दार मी बंद केलं म्हणून?"

पुढे काही दिवसांनी तो पुन्हा गेला आणि थाळी देऊन परत आला. रविवार आले आणि गेले, पण वेडला दर वेळी काही ना काही काम निघाले. शेवटी डेल्बर्ट म्हणाला, दोरी बदललीच जाणार आहे, मग म्हातारीच्या जिवाला घोर कशाला? तो हे कोणाला म्हणाला ते मला माहीत नाही. बसला माझ्यावरच होता.

मे महिना आला. त्या दिवशी सकाळपासून हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली होती. वेडने सकाळी कुलूप काढून गवत कापायचे यंत्र वर काढले आणि पुन्हा कुलूप घातले. दुपारी तो, रोंडा आणि टेसी गावात गेले, टेसीचा सॉफ्टबॉलचा सामना होता. डेल्बर्ट घरी एकटाच होता. दुपारी झेलाच्या दारापुढे एक मोटार थांबलेली मी पाहिली. ती थोड्या वेळाने आली तशीच निघून गेली.

दुपार उतरता उतरता पश्चिमेचे आभाळ हिरवट काळे झाले आणि भोंगा वाजू लागला. डेल्बर्ट ओसरीवर आला. आत टीव्हीवर हवामानवाला सांगत होता, सोंड पुलापलीकडे आहे. डेल्बर्टने खिशात हात घातले आणि आभाळाकडे पाहिले. ढगाची एक मोठी भिंत सावकाश फिरत होती. तो बघत राहिला.

झेला रस्ता ओलांडत होती. खडीवर तिचा तो चार पायांचा आधार अडकत होता, पण ती थांबली नाही. खांद्याला पिशवी होतीच. नेहमीप्रमाणे ती सरळ माझ्याकडे आली, वाकली, माझ्या कडेला हात घातला. मग तिला कुलूप दिसले.

"डेल्बर्ट," ती म्हणाली. "हे काय आहे?"

डेल्बर्ट ओसरीवरून उतरला होता. "थांब, चावी आणतो. खिळ्यालाच आहे."

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा हातात चावी नव्हती, हातोडा होता. कानाला फोन होता. मित्रांनो, चावी वेडच्या खिशात होती. यंत्र काढल्यावर ती परत खिळ्याला लावायची तो विसरला होता. "निघालोय, डॅडी, येतोय," असे त्याचे ओरडणे मलाही ऐकू आले, पण तो अजून पुलाच्या अलीकडे पोचला नव्हता.

डेल्बर्टने हातोडा घातला. माझे अंग टाकीचे आणि बोल्ट पवनचक्कीचे, दोन्हीही वाऱ्याला पुरून उरणारे. तो घाव घालत राहिला आणि मी वाजत राहिलो. जॅक गाडीत होता. मला फोडायला लागणारी कुऱ्हाड माझ्याच खाली खिळ्याला टांगलेली होती. मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी मला मऊ व्हावेसे वाटले.

"घरात चल, टबात," डेल्बर्ट म्हणाला.

"हे गुडघे आता परत नाही जायचे." झेला माझ्यावर बसली. ती रागावलेली नव्हती, हेच जास्त वाईट होते. "दुपारी चर्चच्या बायका आल्या होत्या न्यायला. शाळेचं तळघर उघडलंय म्हणाल्या. मी म्हटलं, मला कशाला? मला डेल्बर्टचं दार आहे."

डेल्बर्टने हातोडा उचलला होता, तो तसाच राहिला.

"सांगितलं असतंस तर गेले असते रे," ती म्हणाली.

मग सोंड येऊन ठेपली आणि पुढचे बोलणे ऐकू येण्यासारखे उरलेच नाही. डेल्बर्टने तिला माझ्या पायाशी, मातीच्या खोबणीत झोपवले आणि स्वतः तिच्यावर पालथा पडला. एका हाताने त्याने माझी ती बाहेरची कडी धरली होती. तेवढाच काय तो तिचा उपयोग झाला.

मी जागचा हललो नाही. माझ्याखाली सगळे कोरडे आणि शांत होते. ओलिटाच्या बरण्यांतली एकही फुटली नाही.

वादळ गेले तेव्हा डेल्बर्टच्या मुठीत झेलाच्या पिशवीचा पट्टा होता. घराचे छप्पर नव्हते. रस्त्यापलीकडे पत्र्याचे घर नव्हते, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या उरल्या होत्या. डेल्बर्ट उठला आणि तिला हाका मारत निघाला. त्याच्या पायांत घरातल्या पातळ सपाता होत्या, त्याही कुठेतरी गळून पडल्या. खिळ्यांतून, काचांतून तो अनवाणी चालत होता आणि त्याचे लक्षही नव्हते. ओढ्याजवळच्या कुंपणापाशी त्याला झेला सापडली. तिच्या जिभेला कोणी गप्प करू शकले नव्हते, ती तिथे गप्प पडली होती.

वेड आला तेव्हा सगळे उरकले होते. त्याने खिशातून चावी काढली आणि का कोण जाणे, आधी माझे कुलूप उघडले. ते एकदाच बारीक वाजले आणि सुटले. खाली सायकल होती, नाताळच्या झाडाचे खोके होते आणि एका माणसाला बसता येईल एवढी जागा होती. वेड त्या जागेकडे बघत पायरीवर बसून राहिला. डेल्बर्ट त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच म्हणाला, "तू विसरलास. मी तर सांगायला दोनदा गेलो होतो."

घर पुन्हा उभे राहिले. वेडने ती कडी करवतीने कापून काढली. भोके राहिली आहेत, पाऊस आला की त्यांतून दोन थेंब आत गळतात. दोरीच्या जागी लोखंडी तार आली. सायकल आणि खोके हलले. जॅक परत पायरीखाली आला. रोंडाने बाकाखाली बूट लावले आणि लावता लावता मध्येच थांबून आईचे ते जुने उत्तर टेसीला सांगितले. टेसीने गवतातून डॉमिनोच्या सोंगट्या शोधून आणल्या. सगळ्या मिळाल्या नाहीत, त्यामुळे डाव काही मांडता येत नाही.

मित्रांनो, मी दरवाजा आहे, मला उपदेश करता येत नाही. पण एक मागणे मागतो. तुमच्या घरी असे एखादे दार असेल, तर त्याच्या बिजागऱ्यांना तेल घाला, दोरी डोळ्यांनी नको, हाताने बघा. खाली पाणी, शिटी आणि बूट ठेवा आणि तिथे अडगळ जाऊ देऊ नका. आणि रस्त्यापलीकडचे कोणी तुमच्या दाराच्या भरवशावर राहत असेल, तर ते दार बंद करण्याआधी जाऊन त्याला सांगा. लाज वाटली तरी सांगा. वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका.

यंदाच्या वसंतात डेल्बर्टने गुडघे टेकून माझ्या बिजागऱ्यांत चरबी घातली, आतल्या बाजूला. त्याला फार वेळ लागला. परवा भोंगा वाजला तेव्हा रोंडा, वेड आणि टेसी लगेच खाली उतरली. डेल्बर्ट सगळ्यात वरच्या पायरीवर माझी कड धरून उभा राहिला.

"डॅडी, खाली या," रोंडाने हाक मारली. "ढग काय बघताय?"

"ढग नाही बघत," तो म्हणाला.

तो रस्त्याकडे बघत होता. पलीकडे त्या सिमेंटच्या पायऱ्या तशाच आहेत, त्यांच्यावर गवत चढले आहे. रस्त्यावर कोणी नव्हते. गारा पडू लागल्या तरी तो आणखी थोडा वेळ थांबला आणि मग त्याने मला हळूच डोक्यावर ओढून घेतले.